सुका कचरा: काय विकला जातो, काय परत फेकला जातो आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा दिला जातो, तरी सुक्यातला बराच माल पुढे फेकलाच जातो असं कळलं. मग नेमकं काय द्यायचं, काय नाही, आणि प्रत्येक गोष्ट धुऊन द्यायची का?

आधी त्या त्रिकोणाबद्दल. बाटलीच्या तळाशी बाणांचा त्रिकोण दिसला की वस्तू रिसायकल होणार असं बहुतेकांना वाटतं. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. वस्तूचं पुढे काय होणार हे ठरतं वर्गीकरणाच्या शेडमध्ये. तिथे यंत्र नसतं, माणसं बसून हाताने माल निवडतात. वस्तू पाहून किंवा चुरगाळून ओळखू येते का, ती एकाच पदार्थाची आहे का, आणि भंगारच्या दुकानात तिला भाव आहे का, एवढंच तिथे पाहिलं जातं. तिन्हीला 'हो' असेल तर वस्तू पुढे जाते. एकालाही 'नाही' आलं तर त्रिकोण असो वा नसो, ती उरलेल्या ढिगात पडते.

पुण्यात हे काम मुख्यतः 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८पासून महापालिकेबरोबरच्या करारानुसार करते. तिच्या मागे १९९३ साली उभी राहिलेली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना आहे. दारात येणाऱ्या ताईंना घरटी शुल्क मिळतं, आणि सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच असतात. म्हणजे तुमच्या पिशवीतला ओलसर, खरकटा माल पर्यावरणाचं जे करायचं ते करतोच, पण त्याआधी त्यांची दिवसाची कमाई खातो. एक अर्धवट रिकामी सांबाराची पिशवी दोन किलो स्वच्छ कागदाची किंमत शून्यावर आणू शकते, कारण भिजलेल्या रद्दीला दुकानदार वजनात घट धरतो किंवा घेतच नाही.

आता धुण्याचं. लख्ख घासायची गरज नाही. वस्तू उलटी धरली तर काही ठिबकू नये आणि दुसऱ्या दिवशी वास येऊ नये, एवढंच पुरे. भांडी विसळून झाल्यावर उरलेलं पाणी वापरा. बाटलीत अर्धी वाटी पाणी, झाकण लावून पाच-सहा वेळा खळखळवायची, ओतून टाकायची, उघडी उपडी ठेवायची. सगळ्यांचा हात आखडतो तो वाळवण्यात, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. धुऊन ओलीच बांधलेली पिशवी न धुतलेल्या पिशवीइतकीच वाईट, पावसाळ्यात तर जास्तच. दोन दिवसांत आतल्या पुठ्ठ्याला बुरशी धरते.

दुधाची पिशवी हे याचं उत्तम उदाहरण. ती एलडीपीई जातीची, मऊ, ओळखायला सोपी आणि भाव असलेली वस्तू आहे. अर्ध्या लिटरची पिशवी तीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे किलोला तीनशेहून अधिक लागतात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घरातून वर्षाला ७३० निघतात. ती कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. कात्रीने चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. सुटलेला नखाएवढा तुकडा कुणीच वेचू शकत नाही, तो थेट गटारात किंवा ओल्या कचऱ्यात जातो. पिशवी रिकामी झाली की तिन्ही बाजूंनी नव्हे, एकाच बाजूने कापून उघडा, विसळा आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवा. वाळली की आपोआप गळून पडते. तेलाच्या पिशवीला ही युक्ती चालत नाही. ती बहुतेकदा अनेक थरांची असते आणि तेल पाण्याने निघत नाही. कोपरा कापून ती रात्रभर बरणीत उलटी अडकवा. उरलेलं तेल निथळेल, मग आतून जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसा. बोळा ओल्या कचऱ्यात, पिशवी वेगळी. तेलकट पिशवी दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात घातलीत तर अख्ख्या गठ्ठ्याचा भाव उतरतो.

पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या पेटच्या असतात आणि त्यांना बहुधा नेहमीच गिऱ्हाईक असतं. बाटली रिकामी करा, दाबून चपटी करा, बूच परत लावा किंवा वेगळं द्या, दोन्ही चालतं. बूच एचडीपीई किंवा पीपीचं असतं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडतात तेव्हा बुचाचा चुरा तरंगतो आणि पेट बुडतं, त्यामुळे ते तिथे सुटतं. अडचण आहे ती पूर्ण बाटलीला घट्ट बसवलेल्या चकचकीत वेष्टनाची. ते कधीकधी पीव्हीसीचं असतं, आणि पीव्हीसी पेटसारखंच पाण्यात बुडतं. पुढे पेट वितळवताना तापमान २५० अंश सेल्सियसच्या वर न्यावं लागतं. पीव्हीसी त्याच्या आधीच फुटतं, आम्लाचा वायू सोडतं, आणि पारदर्शक पेट पिवळं-तपकिरी पडून ठिसूळ होतं. म्हणून असं वेष्टन कात्रीने उभं चिरून काढून टाका. कागदी किंवा सैल गुंडाळलेलं लेबल राहिलं तरी बिघडत नाही.

शाम्पू, डिटर्जंट, फिनेलच्या जाड अपारदर्शक बाटल्या एचडीपीईच्या असतात आणि विकल्या जातात. पंप असेल तर तो मात्र काढा. त्यात लोखंडी स्प्रिंग असते, काचेची किंवा धातूची गोळीही असू शकते, आणि ती दळणयंत्राचं पातं खराब करते. एक सावधगिरी: शौचालयाच्या ॲसिडची आणि ब्लीचची बाटली एकाच बादलीत किंवा एकामागोमाग एकाच ठिकाणी विसळू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. खिडकी उघडी ठेवून, वेगवेगळ्या वेळी, भरपूर पाण्याने विसळा.

तुटलेली बादली, मग, खुर्ची, डबे, श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे हा पीपी-एचडीपीईचा माल चांगला. पण प्लास्टिकसारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट वितळत नाही. मेलामाइनच्या ताटल्या आणि कुकरच्या काळ्या मुठीचं बॅकेलाइट एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा कधीच मऊ होत नाही. तापवलं तर जळतं. ते रिसायकल होत नाही. धड असेल तर कुणाला तरी वापरायला द्या. टूथब्रश (दांडा एका प्लास्टिकचा, केस नायलॉनचे), टूथपेस्टची नळी, बटणं-चाकं-मोटार असलेली खेळणी, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं याच रांगेतली. गोळ्यांच्या पाकिटात एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला बहुतेकदा पीव्हीसी असतं. ते हाताने सोलून वेगळं करणं कुणालाच परवडत नाही.

वेफर्स, बिस्किटं, चिवडा, नूडल्स, मसाल्यांची चकचकीत पाकिटं हा खरा डोकेदुखीचा भाग आहे, आणि आपल्या सुक्या कचऱ्यात आकाराने त्याचा वाटाही मोठा असतो. प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये धातूचा मुलामा, हे सगळं एकमेकांना असं चिकटवलेलं की सुटं करणारी पद्धत भंगाराच्या साखळीत नाही. हे पाकीट रिसायकल होत नाही, असं सरळ धरून चला. तरीही ते ओल्यात टाकू नका. कोरडं, रिकामं, एका पिशवीत दाबून द्या. अशा मालाचे गठ्ठे सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला इंधन म्हणून जातात. तिथे क्लिंकर (ज्याचं पुढे दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा) तयार होताना तापमान १४५० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे ते पूर्ण जळतं. ओला माल भट्टीला नको असतो, पीव्हीसी तर नकोच, कारण त्यातलं क्लोरीन भट्टीत साचतं. हे रिसायकलिंग नव्हे, शेवटचा मार्ग आहे. ज्यांना हे कमी करायचं आहे त्यांनी विसळण्यात वेळ घालवण्यापेक्षा वाणसामान सुटं किंवा मोठ्या पाकिटात आणावं.

इथेच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'बाटलीत पाकिटं ठासून भरा' या सल्ल्याबद्दल. अशी भरलेली बाटली विटेसारखी बांधकामात वापरायची, अशी ती कल्पना. विकण्याजोग्या पेटच्या बाटलीत न विकण्याजोगी पाकिटं कोंबून तुम्ही एक चांगली वस्तू वाया घालवता. शेडमध्ये कुणाला तरी ती बाटली चाकूने फाडावी लागते, नाहीतर सगळीच फेकावी लागते. तुमच्याकडून त्या बाटल्या घेऊन खरोखर काही बांधणारा माणूस ठाऊक असेल तरच हा उद्योग करा.

कागदाचा नियम सोपा आहे, अपवाद चिवट आहेत. वर्तमानपत्र, वह्या, पुस्तकं, खोके, औषधांची आणि साबणाची पुठ्ठ्याची वेष्टनं, कागदी लिफाफे, तुकडे केलेली कागदपत्रं (ती एका कागदी पिशवीत घालून) सगळं चालतं. पिना चालतात, कागदाच्या गिरणीत त्या गाळल्या जातात. वह्यांची प्लास्टिकची कव्हरं काढा. खोक्यावरची रुंद टेप ओढून काढा आणि खोका उघडून सपाट करा. फुगलेला एक खोका गाडीत दहा सपाट खोक्यांची जागा खातो. जुना कागद गिरणीत पाण्यात घुसळून लगदा करतात. महाराष्ट्राच्या सीमेवर वापीला अशा गिरण्यांची मोठी वसाहतच आहे. पाण्यात काय विरघळतं आणि काय नाही हे लक्षात ठेवलं की उरलेली उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतात. तेल विरघळत नाही, म्हणून पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून ओल्यात आणि कोरडं झाकण सुक्यात. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दी नाही. हात पुसायचे टिश्यू ओल्यात. दुकानाची आणि एटीएमची गुळगुळीत पावती रसायन लावलेल्या कागदाची असते; ती रद्दीत नको, खतातही नको.

लग्नपत्रिका आणि भेटवस्तूंचा कागद ओळखायला दोन चाचण्या पुरतात. कोपरा हळूच फाडा. कडेला पारदर्शक पापुद्रा लोंबला तर प्लास्टिकचा थर आहे. कागद मुठीत चुरगाळून सोडा. चुरगळलेलाच राहिला तर कागद, परत उलगडला तर प्लास्टिक. चमकी लावलेला असेल तर चाचणीचीही गरज नाही, तो बाद.

ज्यूस आणि ताकाचे खोके दिसतात पुठ्ठ्याचे, पण त्यात सुमारे ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के प्लास्टिक आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असतं. साध्या रद्दीत मिसळले तर ते गिरणीत अडगळ होतात. वेगळे साठवले तर त्यांना गिऱ्हाईक आहे. स्ट्रॉ काढा, विसळा, चारही कान उघडून चपटे करा, आणि पंधरा-वीस जमले की एकत्र द्या.

काचेबाबत पुण्या-मुंबईची एक जमेची बाजू आहे: अख्ख्या बाटलीला फुटक्या काचेपेक्षा जास्त मोल मिळतं. बिअरच्या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. म्हणून बाटल्या आणि बरण्या फोडू नका, झाकण काढून उभ्या द्या. फुटलेली काच वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा, वर दोरी बांधा, त्यावर 'काच' असं ठळक लिहा आणि हातात द्या. पिशवीच्या तळाशी लपलेला काचेचा तुकडा हे शेडमधल्या जखमांचं नेहमीचं कारण आहे. ओव्हनमध्ये चालणारी उष्णतारोधक भांडी, कपबश्या, आरसे हे बाटल्यांच्या काचेत मिसळू नका. ती भांडी आणि चिनी माती बाटलीच्या काचेच्या भट्टीत नीट वितळत नाहीत आणि नव्या बाटलीत खड्यासारखी राहतात. बाटली त्याच खड्यापाशी तडकते.

धातूला कुणी नाही म्हणत नाही. पत्र्याचे डबे, शीतपेयांचे कॅन, खिळे, तारा, फुटकी कढई सगळं जातं. ॲल्युमिनियमची फॉइल स्वच्छ असेल तर साठवत जा आणि मुठीएवढा गोळा करा. सुटा चुरा निवडताना हरवतो. डिओ आणि कीटकनाशकाच्या फवाऱ्याचे कॅन पूर्ण संपवूनच, वेगळे द्या. दाबयंत्रात अर्धा भरलेला कॅन फुटतो. भोक पाडायला जाऊ नका, ते घरी करायचं काम नाही.

थर्माकोल रिसायकल होतो, पण परवडत नाही. घनमीटरला तो जेमतेम १५ ते २० किलो भरतो, म्हणजे छोटा टेम्पो गच्च भरला तरी शंभर किलो होणार नाहीत. टीव्ही-फ्रिजचा आला असेल तर दुकानदारालाच परत न्यायला सांगा. नाहीतर न मोडता, कोरडा, वेगळा द्या. चुरा केलात तर त्याचे मणी नाल्यापर्यंत जातात.

'कंपोस्टेबल' किंवा 'जैवविघटनशील' छापलेल्या हिरव्या पिशव्यांनी हल्ली नवाच घोळ घातला आहे. ती पिशवी दुधाच्या पिशव्यांत मिसळली तर त्या मालाची प्रत बिघडते. ओल्यात टाकली तर तिथले कामगार तिला प्लास्टिक समजून उपसून काढतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, कारण नजरेला फरक दिसत नाही. तिचं विघटन सुमारे ५८ अंश टिकून राहणाऱ्या मोठ्या खतप्रकल्पातल्या परिस्थितीत तपासलेलं असतं, बाल्कनीतल्या माठात नव्हे. कचऱ्याच्या डब्याला पिशवीच लावू नका. ओल्याचा डबा तळाला वर्तमानपत्र घालून तसाच ओता आणि धुवा. सुक्यासाठी उघडं पोतं ठेवा. गाठ मारलेली काळी पिशवी शेडमध्ये आधी फाडावी लागते, आणि आत काय आहे हे न दिसल्यामुळे हात बेतानेच घालावा लागतो.

घरात तिसरा डबा हवाच, चपलेच्या खोक्याएवढा. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे देण्याची सक्ती केली, पण प्रत्यक्षात दोनच डबे घरोघर पोहोचले. या खोक्यात जातात संपलेले सेल, मोबाइलच्या आणि पॉवरबँकच्या बॅटऱ्या, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे. लिथियमची बॅटरी सुक्यात टाकणं सर्वांत धोक्याचं: दाबाखाली ती पेटते, आणि भोवती कागद-प्लास्टिकच असतं. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा संकलनाला द्या. फुगलेली बॅटरी तर खोक्यातही ठेवू नका. तिला टोचू-दाबू नका, धातूच्या डब्यात वाळूत ठेवून लवकरात लवकर घराबाहेर काढा. सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटला तर खोली उघडी ठेवून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा, मग तुकडे जाड कागदाने भरा. झाडू किंवा व्हॅक्यूम नको.

इन्सुलिनच्या सुया घरोघर वाढल्या आहेत आणि त्या सरळ पिशवीत येतात. त्यासाठी जाड, फिरकीच्या झाकणाची डिटर्जंटची बाटली ठेवा. पाणी पिण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून आरपार जाते. तीन चतुर्थांश भरली की झाकण टेपने बंद, वर 'सुया', आणि सॅनिटरी पॅड-डायपरप्रमाणेच लाल खूण. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात 'स्वच्छ'ने रुजवली. त्या ठिपक्यामुळे ते न उघडता बाजूला काढता येतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. वरून ती सुका माल वाटते, आणि कुणीतरी ती उघडतं.

परदेशात मुलांकडे राहून आलेल्यांनी तिथला नियम इथे लावू नये. अमेरिकेत सगळा सुका माल बहुधा एकाच डब्यात जातो आणि यंत्र तो निवडतं. तिथे मऊ पिशवी सर्वांत वाईट मानतात, कारण ती फिरत्या चकत्यांना गुंडाळते आणि यंत्र थांबवावं लागतं. काळं प्लास्टिकही तिथे हुकतं. त्यातला कोळशाचा रंग प्रकाशकिरण शोषून घेतो आणि यंत्राला ते दिसत नाही. इथे निवडणाऱ्या हाताला दोन्ही ओळखू येतात, म्हणून स्वच्छ पिशवी आणि काळा डबा दोन्ही द्या.

रद्दी आणि बाटल्या स्वतः विकल्या तर चूक नाही. पण भाव असलेला सगळा माल रद्दीवाल्याकडे आणि फक्त वेफर्सची पाकिटं ताईंकडे, असं असेल तर सुकं वेगळं करण्याचा त्यांचा वेळ फुकट जातो, आणि मग सगळंच एका गाडीत एकत्र पडायला लागतं. शुल्क दिलं म्हणून हे गणित सुटत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत गाद्या, उशा, फर्निचर, जुने कपडे आणि चपला रोजच्या गाडीवर लादू नका. ढकलगाडीत त्यांना जागा नसते, आणि ओल्यावर पडलेले कपडे कुणाच्याही कामाचे राहत नाहीत. कपडे धुऊन-वाळवून वेगळ्या गाठोड्यात बांधा, चपलांच्या जोड्या एकमेकींना बांधा, आणि मोठ्या सामानासाठी दोन दिवस आधी सांगून वेगळी फेरी ठरवा.